५४ ची फ्रेम मला मोठी पडते का? रोड सायकलचे माप आणि बैठक

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली उंची १६८ सेंटिमीटर आणि जांघेपासून जमिनीपर्यंतचे माप, म्हणजे इनसीम, ७८ सेंटिमीटर. दुकानात ५२ ची फ्रेम शिल्लक नव्हती, म्हणून ५४ ची घेतली. हँडल लांब वाटते अशी तक्रार केल्यावर दुकानातल्या मुलाने सीट पुढे जाईल तितकी पुढे सरकवून दिली. आता पन्नास-साठ किलोमीटरनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, मान आखडते, आणि अलीकडे सिंहगडाच्या चढावर गुडघ्याची वाटी दुखू लागली आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, तोंडावर आलेली असताना फ्रेम बदलावी की आखूड स्टेमवर (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यावर) भागेल, असे आपण विचारले आहे.

फ्रेम एवढ्यात विकू नका. ५४ आपल्याला किंचित मोठी आहे हे खरे, पण आपण सांगितलेल्या तक्रारी मला फ्रेमपेक्षा त्या पुढे ढकललेल्या सीटच्या अधिक वाटतात. हँडल दूर वाटले की सीट पुढे घ्यायची, हा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला उपाय आहे आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दुखणी त्यातूनच निघतात.

एक साधा प्रयोग करून पाहा. भिंतीला टाचा आणि कुल्ले टेकवून उभे राहा आणि कुल्ले न हलवता कमरेतून पुढे वाका. वीत-दीड वीत वाकताच तोल जाऊन आपण पुढे पडू लागाल. आता भिंतीपासून पाऊलभर पुढे येऊन तसेच वाका; कुल्ले आपोआप मागे जातील आणि आपण आरामात वाकून राहू शकाल. सायकलवर नेमके हेच घडते. पावले पॅडलवर खिळलेली असतात; धड पुढे झुकवायचे तर त्याला तोलून धरण्यासाठी बूड पावलांच्या पुरेसे मागे असावे लागते. सीट पुढे आली की तो तोल सुटतो आणि धडाचा भार तळहातांवर येतो. म्हणजे हँडल जवळ आणण्यासाठी केलेल्या सोयीनेच हातांवरचे ओझे वाढते. करंगळी आणि अनामिका बधिर होणे ही तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नर नस दाबली जात असल्याची खूण आहे. अंगठा आणि पहिली दोन बोटे बधिर झाली असती तर मी मनगटाच्या मधल्या नसेकडे आणि मनगट मुडपण्याच्या सवयीकडे पाहिले असते.

गुडघ्याचेही तसेच. सीट रुळांवर २५ मिलिमीटर पुढे सरकवली की ती पॅडलच्या सुमारे ७ मिलिमीटर जवळ येते, कारण सीटपोस्ट, म्हणजे सीटला धरणारी नळी, उभी नसून तिरकी असते. त्या मुलाने सीट पुढे घेतली, पण उंची वाढवली नाही. परिणामी आपण गेले दोन महिने थोड्या बुटक्या आणि बऱ्याच पुढच्या सीटवर बसून घाट चढत आहात, आणि दुखणे वाटीच्या पुढच्या बाजूला आहे. सीट फार उंच असती तर ते बहुधा गुडघ्याच्या मागे, लवणीत आले असते.

आता ‘५४’ हा आकडा कशाचा, हे पाहू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. आपल्याकडे काळ्या सायकली बावीस इंची आणि चोवीस इंची म्हणून विकल्या जात आणि लहानपणी आपण दांड्याखालून पाय घालून त्या शिकलो. दांडा ओलांडता येतो की नाही, एवढीच मापाची कसोटी होती, आणि ती अजून आपल्या डोक्यातून गेलेली नाही. जुन्या रोड सायकलींतही ५४ म्हणजे सीटखालच्या नळीची (सीट ट्यूबची) लांबी ५४ सेंटिमीटर. वरचा दांडा जमिनीला समांतर असल्याने त्या एका आकड्यावरून बाकीची फ्रेम ताडता येई. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जायंट कंपनीने माइक बरोज यांच्या आराखड्यावरून मागे उतरत्या दांड्याची टीसीआर ही रोड सायकल आणली आणि ती पद्धत सर्वत्र पसरली. आता सीटखालची नळी आखूड, सीटपोस्ट लांब. दांडा बहुतेकांना ओलांडता येतो. ५४ हा आकडा उरला आहे तो चपलेच्या नंबरासारखा, एका कंपनीचा आठ दुसरीचा नऊ असावा तसा.

म्हणून मापाच्या तक्त्यात नावापुढचा आकडा न पाहता स्टॅक आणि रीच हे दोन आकडे पाहावेत. हे दोन्ही आकडे पॅडलचे दांडे (क्रँक) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून, फ्रेमच्या सर्वांत पुढच्या नळीच्या (हेड ट्यूबच्या) वरच्या तोंडापर्यंत मोजतात: स्टॅक सरळ वर, रीच सरळ पुढे. सीट कुठेही सरकवा, हे आकडे बदलत नाहीत, आणि हीच त्यांची किंमत आहे. दांड्याच्या लांबीचा आकडा मात्र फसवतो. दोन फ्रेमचा दांडा ५४० मिलिमीटरच असला, पण एकीची सीट ट्यूब ७३ अंशात आणि दुसरीची ७४ अंशात असली, तर उभट नळीची फ्रेम पुढच्या बाजूला सुमारे १० मिलिमीटर लांब निघते. लहान मापांत कंपन्या ही नळी मुद्दाम उभट करतात, त्यामुळे कागदावर दोन मापांच्या दांड्यांत फरक दिसतो आणि हातांना तो जवळजवळ जाणवतच नाही.

रीचची तुलना करतानाही एक खाच आहे. समजा, एका फ्रेमचा स्टॅक ५३० आणि रीच ३८०, दुसरीचा स्टॅक ५६० आणि रीच तोच ३८०. दोन्ही सारख्याच लांब वाटतील, पण तसे नाही. आपल्याला हँडल ज्या उंचीवर हवे तिथे आणण्यासाठी पहिल्या फ्रेमवर ३० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे स्टेमखालच्या चकत्या, घालाव्या लागतील, आणि हेड ट्यूब मागे झुकलेली असल्याने दर १० मिलिमीटर स्पेसरला रीच सुमारे ३ मिलिमीटर कमी होतो. म्हणजे त्या उंचीवर पहिल्या फ्रेमचा रीच ३७१ च्या आसपास उरतो आणि दुसरी तिच्याहून ९ मिलिमीटर लांब ठरते. तेव्हा आधी स्टॅक सारखा करून घ्यायचा आणि मगच रीच ताडायचा. ही वजाबाकी विक्रेते करून दाखवत नाहीत; ती आपणच करावी.

आता आपल्या सायकलकडे वळू. सीटची जागा हँडलचा विचारही न करता पायांच्या हिशेबाने आधी ठरवायची, आणि हँडल नंतर त्या बैठकीला आणून द्यायचे. हा क्रम उलटला की मी वर लिहिले ते सगळे घडते.

इनसीम पुन्हा मोजा, कारण घरी मोजलेले माप बहुतेक वेळा दीड-दोन सेंटिमीटर कमी भरते. पँटची शिवण मोजणारे तर चार-पाच सेंटिमीटरने चुकतात. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पावलांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक कणा वर करून दोन पायांमध्ये धरा आणि सीटवर बसल्यावर येईल तितका दाब येईपर्यंत वर ओढा. पुस्तकाची एक कड भिंतीला पूर्ण टेकलेली असावी, म्हणजे ते काटकोनात राहील. घरातल्या कोणाकडून तरी पेन्सिलीने खूण करून घ्या. तीन वेळा मोजून मधला आकडा धरा.

७८ हा आकडा बरोबर निघाला असे धरू. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँ यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सूत्राप्रमाणे त्याला ०.८८३ ने गुणल्यास ६८.९ सेंटिमीटर येतात. बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून सीट ट्यूबच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंतचे हे अंतर. दुसरी पद्धत इनसीमच्या १०९ टक्के अंतर पॅडलपासून सीटपर्यंत ठेवण्याची: ते ८५ सेंटिमीटर होते आणि त्यातून १७० मिलिमीटरचा क्रँक वजा केल्यास ६८ उरतात. दोन सूत्रांत सेंटिमीटरभराचा फरक पडतो, यावरून सूत्रे कितपत ताणावीत ते कळावे. लेमाँचे सूत्र जुन्या पॅडलांच्या आणि जाड तळव्याच्या बुटांच्या काळातले असल्याने आजच्या पातळ बुटांना मी त्यातून ३ ते ५ मिलिमीटर वजा करतो. आपण ६८.५ वर सुरुवात करावी.

त्यानंतर आकडे बाजूला ठेवून डोळ्यांनी पाहावे. ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवर चालवण्याचा स्टँड, असल्यास उत्तम. नसल्यास दाराच्या चौकटीला धरून मागे पॅडल फिरवले तरी बरेच कळते. मी गिऱ्हाइकाच्या मागे पाटावर बसतो आणि शॉर्ट्सच्या कमरपट्ट्याची आडवी रेघ पाहतो. ती रेघ तराजूच्या दांडीसारखी डावी-उजवी झुकत असेल तर माणूस पॅडल गाठण्यासाठी कंबर टाकतो आहे, म्हणजे सीट उंच आहे. मग दोन-दोन मिलिमीटरने सीट खाली घेत जातो आणि रेघ स्थिर होते तिथे थांबतो. पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या आधी ते पॅडलच्या लयीच्या (कॅडेन्सच्या) आवाजातच कळते: साखळीची धडधड जाऊन एकसारखी सूं ऐकू येते. बाजूने पाहिल्यास पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. लांब पल्ल्यासाठी मी तिशीच्या आसपास राहणे पसंत करतो.

उंची जमल्यावर सीटचे पुढे-मागे. गवंड्याचा ओळंबा, किंवा दोरीला नट बांधून केलेला ओळंबा, क्रँक आडवा असताना पुढच्या पायाच्या वाटीखालून सोडला की तो पॅडलच्या आसावर यावा, असा जुना नियम आहे. सायकली बनवणारे कीथ बाँट्रेगर यांनी या नियमाला कसला यांत्रिक आधार नाही हे फार पूर्वीच दाखवून दिले आणि त्यांचे म्हणणे मला पटते. तरीही मी ओळंबा वापरतो, कारण कुठून तरी सुरुवात करावी लागते आणि आपली सीट आज कुठे भरकटली आहे ते तो लगेच दाखवतो. आपल्या बाबतीत दोरी आसाच्या पुढे दोनेक सेंटिमीटर पडेल असा माझा अंदाज आहे. सीट मागे घेत ती आसावर किंवा आसाच्या ५ ते १० मिलिमीटर मागे आणा, आणि सीट मागे गेल्याने वाढलेले पायांचे अंतर उंची कमी करून भरून काढा: १० मिलिमीटर मागे, तर ३ मिलिमीटर खाली.

खरी परीक्षा यानंतरची. हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर, हात ठेवून मध्यम जोराने पॅडल मारत असताना तळहात हँडलपासून बोटभर उचला. चार-पाच सेकंद धड तिथेच राहिले तर सीट पुरेशी मागे आहे. तत्काळ पुढे कोसळत असाल तर अजून मागे. सीटचे नाक मात्र समपातळीतच ठेवा. नाक खाली केले की माणूस घसरत राहतो आणि रात्रंदिवस हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो. बधिर बोटांचे तेही एक नेहमीचे कारण आहे. सुताराची पाणीपातळी सीटवर ठेवून तपासले तर अंदाजाने बोलण्याची वेळ येत नाही.

आता सीट मागे गेल्याने हँडल वीस-पंचवीस मिलिमीटर आणखी दूर जाईल. गंमत अशी, की ते तितके दूर वाटत नाही, कारण तोल सावरल्याने धड आपणहून पुढे झुकते. तरीही काही लांबी कमी करावी लागेलच. आपण पाठवलेल्या छायाचित्रात स्टेमवर ११० मिलिमीटर दिसते. ते ९० करा. हँडलबारचा स्वतःचाही रीच, म्हणजे तो पुढे किती जातो ते माप, असतो: जुन्या वळणाचे बार ८५ मिलिमीटर आणि त्याहूनही लांब, तर आजचे आखूड बार ७० चे मिळतात, त्यातून आणखी १० ते १५ मिलिमीटर सुटतात. स्टेम उलटा करण्याचाही पर्याय आहे. १०० मिलिमीटरचा ६ अंशी स्टेम उलटा केल्यास हँडल सुमारे २० मिलिमीटर वर आणि ६ मिलिमीटर जवळ येते. यासाठी एक रुपयाही लागत नाही. मान आखडणाऱ्याने हे आधी करावे, कारण मान वर धरून रस्ता पाहण्याचा ताण हँडलच्या उंचीशी बांधलेला आहे. काचेत दिसायला सायकल थोडी कमी ‘रेसवाली’ दिसते, इतकेच. हूड बारवर फार खाली उतरवलेले असतील तर तेही वर घ्या. मनगट आणि हात एका रेषेत यायला हवेत.

स्टेमला खालची मर्यादा आहे. ५४ च्या फ्रेमवर ८० पर्यंत मी निश्चिंतपणे जातो, ७० वर कुरकुर करत जातो आणि त्याखाली जावे लागले तर फ्रेम चुकली असे समजतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षकांना मी त्यांच्या लांब पायांकडे पाहून ५६ ची फ्रेम घ्यायला सांगितली. पाय लांब म्हणजे धड आखूड, हे माझ्या लक्षातच आले नाही. अखेर ६० मिलिमीटरच्या स्टेमवर त्यांना कसेबसे बसवले. खंबाटकीच्या उतारावर हँडल इतके चंचल लागे की ते दोन्ही ब्रेक आवळून उतरत, आणि वर्षभरात त्यांनी ती सायकल निम्म्या किमतीत विकली. तेव्हापासून मी इनसीमबरोबर भिंतीला टेकून बसवून धडही मोजतो. पाय लांब आणि धड आखूड असणाऱ्याने दोन मापांतले लहान घ्यावे आणि सीटपोस्ट वर काढावा, किंवा जास्त स्टॅक असलेली, लांब पल्ल्यासाठीची एन्ड्युरन्स फ्रेम शोधावी. आपले तसे नाही. १६८ ला ७८ म्हणजे धड पायांच्या मानाने चांगले आहे, आणि ५४ वर आपण निभावाल असे मी म्हणतो ते त्यामुळेच. दुकानात आज दोन्ही मापे समोर असती तर ५२ च घ्या म्हणालो असतो, कारण लहान फ्रेम लांब स्टेमने वाढवता येते, मोठी फ्रेम कमी करायला जागा लवकर संपते. अगदी लहान मापांत मात्र रोड सायकलच्या नेहमीच्या ७०० सी मापाच्या चाकामुळे वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासते का, ते पाहावे. रहदारीत हळू वळताना त्याने माणूस आडवा होतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बारची रुंदी खांद्याच्या दोन हाडांमधल्या अंतराएवढी असावी. आपल्याला ४० सेंटिमीटरचा बहुधा पुरे, ५४ च्या फ्रेमबरोबर बहुतेक ४२ चा येतो. हात लहान असल्यास ब्रेकच्या खटक्याचे अंतर कमी करणारा स्क्रू लिव्हरमध्येच असतो, तो दुकानात क्वचितच कोणी फिरवतो. बुटाला पॅडलमध्ये अडकवणारे क्लीट असे लावा की अंगठ्यामागच्या हाडाचा उंचवटा पॅडलच्या आसावर किंवा किंचित पुढे येईल. शिमानोचे क्लीट असतील तर पायाला ६ अंश मोकळीक देणारे पिवळे घ्या, अजिबात मोकळीक न देणारे लाल नकोत. क्रँक १७२.५ चा असेल तर तो आपल्याला चालेल. पुढे कधी १६५ चा घेतला, तर सीट तितक्याच मिलिमीटरने वर घ्यायची एवढे लक्षात ठेवा.

हे सगळे एका दिवशी करू नका. सुरू करण्याआधी सीटची उंची, सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचे अंतर आणि जमिनीपासून हँडलची उंची कागदावर लिहा आणि सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त सीट, आणि तीही दोन टप्प्यांत. चाळीस किलोमीटरपलीकडे जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यात स्टेम. नवा घेण्याआधी मित्राचा किंवा दुकानातला जुना ९० चा मागून लावून पाहा. बोल्ट स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा, बहुधा तो ५ न्यूटन-मीटर असतो. स्टेम ज्या नळीवर बसतो ती फोर्कची नळी कार्बनची असेल तर टॉर्कचा पाना नसताना हात लावू नका, आणि ती कापण्याचे काम ब्रेव्हेनंतर पाहू.

तिसऱ्या आठवड्यात शंभर किलोमीटरची एक फेरी करा, त्यात निदान एक घाट असू द्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यामुळे वेगाची चिंता नको. दर तासाला हातांची जागा आणि बोटांची स्थिती तेवढी टिपून ठेवा. करंगळी सत्तर किलोमीटरनंतरही शाबूत असेल तर याच सायकलवर ब्रेव्हे करा. ८० च्या स्टेमवर आणि आखूड बारवरही कोपरे ताठ राहत असतील, तर ५२ शोधायला लागा, आणि जाताना सीटची ही नवी मापे बरोबर न्या. ती आपल्या पायांची असल्याने कोणत्याही फ्रेमवर तीच लागतील. बोटांचा बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही टिकत असेल, तर मात्र पाना खाली ठेवून आधी डॉक्टरांना हात दाखवा.